मंदी संपली असं कोण म्हणणार

१५ फेब्रुवारी २०२४

ब्रिटन मंदीत!

दुपारी बातमी आली. सलग दोन तिमाही घट. व्याख्या पूर्ण. मी नोव्हेंबरातच लिहिलं होतं: नाताळपर्यंत कळेल, फार तर संक्रांतीपर्यंत. संक्रांतीला महिना झाला. एवढी चूक माफ.

आनंद होऊ नये. झाला. चौदा वर्षं हुजूर पक्षानं एकच औषध दिलं, काटकसर. ग्रंथालयं बंद केली. दवाखान्यांचे पैसे आखडले, रांगा वाढल्या. महापालिकांनी हात वर केले. रोग्याला उपाशी ठेवायचं आणि वजन का घटलं म्हणून समिती नेमायची. हे वाक्य बरं आहे. शनिवारच्या लेखात घ्यायचं.

अक्का नळाशी होती. पाणी चार दिवसांनी आलेलं. हंडा उचलता उचलता तिला बातमी सांगितली.

"तुझ्या ब्रिटनला नळ रोज येतो का गं?"

"रोज."

"मग कसली मंदी!"

अक्का म्हणजे शांतम्मा, माझी थोरली बहीण. मी कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून माझी पहिली वाचक तीच, आणि ती वाचत नाही.

१७ फेब्रुवारी, शनिवार

लेख छापून आला. एकही शब्द कापला नाही. दैनिक इथलंच, खप बेताचा, पण संपादक मला हात लावत नाहीत. "ब्रिटनवर तुम्ही काहीही लिहा," म्हणतात.

संध्याकाळी गुरुशांतचा फोन. अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना आहे त्याचा. बी.ए.ला माझ्या वर्गात होता. इंग्रजी जेमतेम, उत्तरं मुद्देसूद. त्याच्या शिलाई खात्यात, म्हणजे टॉवेलच्या कडा दुमडून शिवतात त्या शेडात, जेवणाच्या सुट्टीत पेपर माइकवर वाचतात. रीत त्याच्या वडिलांची. तेव्हा बायकांना वाचता येत नव्हतं. आता येतं, पण हात मोकळे नसतात. पैसे डझनावर, सुट्टीतही मशीन चालूच.

"मॅडम, आज मी स्वतः खाली येऊन ऐकलं. एकदम बरोबर लिहिलंत. आपला सगळा माल तिकडंच जातो की. मला कुणी इतकं समजावून सांगितलं नव्हतं."

कान सुखावले. कबूल.

२४ फेब्रुवारी

या लेखाला चार फोन. तीन पसंतीचे. चौथा गॅस एजन्सीसाठी होता.

२ मार्च

रुपाली आली. शिलाई खात्यात माइकवर वाचते ती. बारावी झालेली, आवाज मोकळा. अधूनमधून शब्द विचारायला येते. आज शब्द विचारला नाही. चपला काढायच्या आधीच म्हणाली, "बाई, मालकानं दर उतरवला."

घडलं ते असं. गुरुवारी गुरुशांत माइकवर आला. तिकडच्या गिऱ्हाइकानं भाव पाडला, म्हणाला. कारण मंदी. मंदी आहे का, तर आहे—मॅडमनीच लिहिलंय, तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. म्हणून डझनामागचा दर खाली. मंदी संपली की दर पुन्हा होता तसा.

मशिनं थांबली. मग म्हाळसाबाई उठली. खात्यातली सगळ्यात जुनी, मैंदर्गीकडची, धनगराची. "मालक," म्हणाली, "तोंडाचं ऱ्हाऊ द्या. भंडारा उचला."

कनवटीला पुडी असतेच तिच्या. कुणीतरी धावत जाऊन देवळामागचं बेलाचं पान आणलं. बेल त्याच्या देवाचा, भंडारा हिच्या. दोन्ही देव साक्षीला. गुरुशांतनं पायातले बूट काढले आणि तळहात पुढं केला. रुपालीला त्याचे शब्द पाठ झालेत:

"ज्या शनिवारी राजेश्वरी मॅडम लिहितील की ब्रिटनमधली मंदी संपली, त्या सोमवारपासून दर पहिल्यासारखा. ह्यात फरक केला तर सिद्धरामेश्वर बघून घेईल."

"मीच का?" मी विचारलं.

"ते म्हणाले, मी सांगणार तर मी मालक. सरकार सांगणार तर ते सरकार. मॅडम खोटं लिहीत नाहीत. मग आम्ही पण हो म्हणलं. तुम्ही कुठं खोटं लिहिता?"

दर उतरवल्याचा राग आला. खराच आला. पण वही माझीच आहे, इथं कशाला झाकायचं? मानही वाटला. एका देशाची मंदी संपली की नाही, हे सोलापुरात, माझ्या शुक्रवार पेठेतून ठरणार!

७ मार्च

काल त्यांचा अर्थसंकल्प. निवडणूक जवळ आल्याचा वास येतो. पगारदारांच्या विम्याची वर्गणी कमी केली. ज्याला पगार आहे त्याला सवलत. ज्याचा पगार गेला त्याला सल्ला. पैसा कुठून? दवाखाने, शाळा, बस. म्हणजे डाव्या खिशात टाकायचं आणि उजवा कापून न्यायचा.

मजूर पक्ष विरोधात उभा आहे आणि आवाज निघत नाही. आम्ही आलो तरी हात आखडताच ठेवू, म्हणतात. मजुराचं मत मिळणारच याची त्यांना खात्री आहे. म्हणून मजुराला गृहीत धरतात आणि बँकांना भितात.

लेख तासात झाला. हात बसलाय आता.

२३ मार्च

कारखान्यात जाऊन आले. न सांगता.

गुरुशांतनं खुर्ची पुसून दिली. चहा मागवला. मी सरळ विचारलं, "गिऱ्हाइकानं भाव पाडला, तर त्याचा भार बायकांवरच का?"

"माझ्यावर पण आहे की, मॅडम. गाडी बदलणार होतो. राहिली."

"त्यांची कुठली गाडी राहिली?"

हसला. वर्गातही असाच हसायचा, उत्तर येत नसलं की. "मॅडम, मी भंडारा उचललाय. पळून जाणार नाही. तुम्ही लिहा, मी देतो. एवढा सोपा करार आख्ख्या एमआयडीसीत कुणी केला नसंल."

निघताना शिलाई खात्यातून गेले. पंखे होते, वारा नव्हता. कापसाची बारीक लव सगळीकडे, बायकांच्या भुवयांवरसुद्धा. म्हाळसाबाईनं मशीन न थांबवता विचारलं, "बाई, कवा संपंल ओ ही?"

"लवकर नाही दिसत."

"खरं सांगताय न्हवं?"

"खरं."

"मग चालंल." कडा संपली. टॉवेल बाजूला टाकला, दुसरा घेतला. "खरं आसलं की सोसतंय."

पलीकडून कुणीतरी म्हणालं, "तुला सोसतंय गं म्हातारे, तुज्या पाठीत दगड हाय." सगळ्या हसल्या. मीही.

१३ एप्रिल

ऊन. डोकं चालत नाही. तरी त्यांच्या नद्यांवर लिहिलं. पाणी पुरवायचं काम खाजगी कंपन्यांना दिलं. कंपन्यांनी कर्ज काढलं, भागधारकांना वाटलं, आणि मैला नदीत सोडला. बिल मात्र वेळेवर.

अक्काला वाचून दाखवलं. "नळ रोज येतो म्हणालीस."

"येतो."

"आणि नदीत घाण."

"हो."

"साकु," म्हणाली कानडीत. पुरे. "आता माझ्याशी ब्रिटनचं बोलू नको. मला वाटायचं तिथं तरी कुणी शहाणं असेल."

७ मे

मतदान केलं. बोटाला शाई. कुणाला दिलं, ते वहीलाही सांगत नाही.

१० मे

लबाड!

आज आकडे आले. पहिल्या तिमाहीत वाढ. मंत्री कॅमेऱ्यापुढं हसतोय—देशाची प्रकृती सुधारली. मंदी संपली.

कुणाची? घरभाडं उतरलं? दवाखान्याची रांग हलली? फुकट शिधा देणाऱ्या धान्यपेढीबाहेर उभी असलेली शिक्षिका घरी गेली? टक्क्याचा काही अंश वर सरकला म्हणून चौदा वर्षं पुसली जात नाहीत. ताप एका दिवशी उतरला म्हणजे क्षय बरा झाला नव्हे. यांना आकडा हवा होता, निवडणुकीपूर्वी, मिळाला.

एका बैठकीत लिहिलं. शीर्षक: "मंदी संपली? कुणाची?" या वर्षातला सगळ्यात चांगला लेख. शेवटचं वाक्य: "ज्याच्या ताटात फरक पडला नाही त्याच्यासाठी मंदी संपलेली नाही, आणि आम्ही त्याच्याच बाजूनं मोजणार."

पाठवताना शिलाई खातं आठवलं. आठवलं नाही असं नाही. पण त्यांनी माझ्याकडे मागितलं काय होतं? खरं. तेच दिलं.

११ मे, शनिवार

रुपाली आली. बसली नाही.

"सकाळी टीव्हीवर खाली पट्टी होती. ब्रिटन मंदीतून बाहेर. सगळ्यांनी बघितली. एक-दोघींनी तर मालकाच्या नावानं आधीच नारळ फोडला. आणि दुपारी मी माइकवर तुमचा लेख उघडला."

"पूर्ण वाचलास?"

"वाचला. मध्येच थांबता येतंय का? शेवटच्या ओळीला कुणी मशीनवरून मान वर केली नाही." मग एकदम: "बाई, तिथला पंतप्रधान म्हणतोय संपली. तुम्हीच का म्हणत नाही?"

"कारण तो खोटं बोलतोय."

"बोलू दे की! आमचं काय जातंय?"

 तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. जाताना फाटक नीट लावून गेली, तेवढं मात्र माझ्या लक्षात आलं.

मी जन्मभर हुजूर पक्षाच्या विरोधात. आज सोलापुरात आख्खं शिलाई खातं हुजूर पक्षाच्या बाजूनं उभं राहिलं, माझ्या विरोधात. आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही तिथंच उभी असते.

१३ मे

गुरुशांतकडे पुन्हा.

"बातमी वाचलीस ना? सरकारच म्हणतंय संपली. दर दे."

"वाचली. पण शपथेत सरकार नाही, मॅडम. तुम्ही आहात." ड्रॉवरमधून माझा लेख काढला. ओळींखाली लाल रेघा मारल्या होत्या, परीक्षेचा अभ्यास करताना मारतात तशा. "आकड्यांवर जाऊ नका, असं लिहिलंय तुम्ही. ताटात फरक पडला नाही तोवर मंदी आहेच. मला पटलं. मग आता मी आकड्यांवर कसा जाऊ?"

"तुला पटलं?"

"माझं गिऱ्हाईकही तेच म्हणतंय. भाव वाढवून मागितला तर म्हणतो, आमच्याकडं लोकांच्या हातात पैसा कुठाय. तुमचं आणि त्याचं एकमत आहे."

चिडवत नव्हता. हे वाईट. मनापासून बोलत होता.

रिक्षात बसून विचार केला: माझ्या लेखात एक तरी वाक्य चूक आहे का? नाही. मग हा माणूस त्यावर इतका आरामात कसा बसला?

१५ मे

दोघी एकदम आल्या. रुपाली आणि म्हाळसाबाई. येतानाच भांडत होत्या. जिना चढताना आवाज वर येत होता.

रुपाली: "बाई, एकच ओळ लिहा. 'मंदी संपली.' बाकी तुम्हाला पाहिजे ते लिहा, राजाला शिव्या द्या, काही करा."

म्हाळसाबाई: "न्हाय लिवायचं. खोटं लिवून आनलेला दर मला नगं. त्यो भंडारा म्या दिलाय. बाटंल."

"तुला नको असंल. तुझी दोन्ही पोरं कमावती आहेत."

"आन् तुज्या तोंडाला माइक लागलाय. माइकवर बोल्लं की समदं खरं वाटाया लागतंय तुला."

"बाई लिहितात ते तरी सगळं खरं असतंय का?"

"आसतंय म्हनून तर त्येंचं नाव घातलं. न्हायतर तुजं घातलं आसतं."

अक्कानं मधे ताट ठेवलं. भाकरी, शेंगांची चटणी, दही. "आधी खा. मग भांडा. रिकाम्या पोटी लवकर संपतं भांडण." दोघी खायला बसल्या. पाणी देताना म्हाळसाबाईनं रुपालीचा पेला आधी भरला.

जाताना मला म्हणाली, "बाई, तुमी घाबरू नगा. खरं काय ते बघा आन् लिवा. आमी सोसू."

ह्यानं झोप उडाली. रुपालीनं खोटं मागितलं, तिला नाही म्हणता येतं. ही खरं मागते आहे. आणि मला वाटलं होतं, ते मी दिलंय.

१६ मे

फेब्रुवारीचा लेख काढून वाचला. रोग्याचं ते वाक्य कुठं वापरलं होतं ते पाहायला.

पहिलाच परिच्छेद: "सलग दोन तिमाही घट. व्याख्येनुसार ही मंदी आहे आणि कुठलाही मंत्री ती नाकारू शकत नाही."

व्याख्येनुसार! फेब्रुवारीत ताट मोजलं नव्हतं. आकडा मोजला. कुणाचा? त्यांच्याच सरकारच्या खात्याचा. तेव्हा तो माझ्या बाजूनं बोलत होता, म्हणून खरा. मेमध्ये उलट बोलला, म्हणून लबाड.

काही वेळ गच्चीवर फेऱ्या मारल्या. फरशी तापलेली, पाय भाजत होते.

मग सोपं झालं. एका शब्दात मी दोन गोष्टी कोंबल्या होत्या. मंदी म्हणजे उत्पादन घटणं. तिला माप आहे, त्या मापानं ती सुरू झाली, त्याच मापानं संपली. हाल ही वेगळी गोष्ट. हाल मंदीच्या आधी होते, मंदीत होते, आता मंदी नाही तरी आहेत. म्हणजे हालांचं कारण मंदी नव्हेच! तेजी येवो, मंदी येवो, वाटा ज्याला मिळायचा त्यालाच मिळतो. हे आधीच्या लेखापेक्षा कडक आहे. आधीचा लेख सरकारला नुसता खोटं पाडत होता. हा त्याचं निमित्तच काढून घेतो.

आणि गुरुशांतचंही.

१८ मे, शनिवार

छापून आलं:

"ब्रिटनमधली मंदी संपली. फेब्रुवारीत ज्या मापानं ती सुरू झाली असं मी लिहिलं, त्याच मापानं ती संपली. माप बदलण्याचा हक्क मला नाही. गेल्या शनिवारी मी तो घेतला, ते चूक. एका शब्दात दोन गोष्टी कोंबू नयेत. मंदी संपली आणि लोकांचे हाल संपले नाहीत. तेव्हा यापुढे कुणी हालांचं कारण मंदी सांगितलं, तर त्याला दुसरं कारण विचारा."

रुपालीनं फोन केला. मागं गोंगाट. "पहिली ओळ तीनदा वाचली, बाई! तिसऱ्यांदा सगळ्यांनी मोठ्यानं म्हणली. मालक दारात उभे होते."

"म्हाळसाबाई?"

"डोळे पुसती. लव गेली म्हणती डोळ्यात."

अक्कानं विचारलं, "आज हसतेस कशाला?"

"ब्रिटनची मंदी संपली."

"नळ आला," म्हणाली. "ऊठ."

२० मे, सोमवार

दर परत. पूर्ण. गुरुशांतनं शब्द पाळला. फोनवर म्हणाला, "चांगला लेख होता, मॅडम. महाग पडला."

२३ मे

निवडणूक जाहीर! काल भर पावसात, छत्रीशिवाय उभं राहून त्यांच्या पंतप्रधानानं सांगितलं. कोट चिंब. चार जुलै मतदान. आपल्याकडे पाच जुलैच्या पहाटे निकाल यायला लागतील.

चौदा वर्षं वाट पाहिली. निम्म्या लेखांच्या शेवटी मी या दिवसाचं नाव घेतलंय. संपादकांना आत्ताच सांगून टाकलं, त्या आठवड्यात पान मोठं लागेल. देतो म्हणाले.

१५ जून

दोन्ही जाहीरनामे वाचले. हुजूर पक्षाचा म्हणजे देवळातल्या पंचांगासारखा, सगळ्यांना शुभ. मजूर पक्षाचा जपून. मोठे कर वाढवणार नाही, मोठा खर्च करणार नाही, बदल मात्र करणार. भाकरी न थापता तवा तापवतात. तरी येऊ देत. आले की त्यांच्यावर लिहायचं.

रुपाली म्हणते, शेडात नव्या मशीनसाठी जागा बघायला कुणी आलं होतं. कसलं मशीन, माहीत नाही.

२९ जून

शिलाई खात्याच्या दारावर कागद लागला. सोमवारपासून खातं निम्मं. निम्म्या बायकांनी यायचं, निम्म्यांनी "कळवेपर्यंत" घरी. घरी बसणाऱ्यांत जुन्या आधी. म्हाळसाबाईचं नाव पहिलं. रुपालीचं नाही.

तशीच गेले. गुरुशांतनं खुर्ची पुसली, चहा मागवला.

"हे काय आहे?"

"दर तोच आहे, मॅडम. पैसा कमी केला नाही."

"माणसं निम्मी केलीस."

"शपथेत दर होता. संख्या नव्हती." चहाचा कप पुढं सरकवून: "तुम्हीच लिहिलं ना, एका शब्दात दोन गोष्टी कोंबू नयेत."

चहा घेतला नाही. दारापर्यंत आला, चपला नीट करून ठेवल्या माझ्या. "शनिवारी लिहाच मॅडम, निवडणुकीवर. बायका वाट बघतात."

"कुठल्या बायका?"



१ जुलै, सोमवार

रुपालीनं सकाळी मशीनवर बसायला नकार दिला. मग ज्यांची नावं कागदावर नव्हती त्या सगळ्यांनीच. एकेक करून उठल्या आणि गेटबाहेर येऊन घरी बसवलेल्यांशेजारी मांडी घातली. सगळ्या, नाहीतर कुणीच नाही.

युनियन नाही, पुढारी नाही. मला दुपारी कळलं. गेले तर म्हाळसाबाई रुपालीला रागावत होती.

"तुजं नाव न्हवतं की कागदात. तू कशापायी बसलीस हितं?"

"तुझ्या पाठीतला दगड बघायला."

"लई श्यानी झालीस."

"दर तुझ्या भंडाऱ्यानं आला. तो घेऊन मी एकटी आत बसू? बाटंल की."

 म्हातारीनं तोंडात पदर घातला आणि हसली, का रडली, मला दिसलं नाही.

३ जुलै

गेटवरच होते. अक्कानं भाकऱ्या बांधून दिल्या, मोजल्या नाहीत. "तुझ्या ब्रिटनला नको, तुझ्या त्या बायकांना दे," म्हणाली.

गुरुशांतची गाडी दोनदा आली, दोनदा काच वर करून गेली. रुपालीनं पॅकिंगवाल्यांकडून माहिती काढलीय, शनिवारी कंटेनर बंदराकडे निघायचा आहे आणि निम्म्या टॉवेलांच्या कडा अजून उघड्या आहेत.

संपादकांचा फोन. "मॅडम, लेख? पान राखून ठेवलंय."

"या वेळी इथलं देते. अक्कलकोट रोडचं."

 ते म्हणाले, "ब्रिटनवर तुम्ही काहीही लिहा, मी कधी अडवलं? इथलं जरा... त्यांच्या जाहिराती असतात आपल्याकडं."

लिहून पाठवला. छापणार नाहीत. रुपालीनं गेटवरच मोठ्यानं वाचला, माइक नसताना. आवाज शेजारच्या दोन कारखान्यांपर्यंत गेला. तिथल्या बायका कठड्याशी आल्या.

४ जुलै

आज तिकडे मतदान. इकडे गेट बंद.

५ जुलै

उन्हं वर आल्यावर गुरुशांत पायी आला. कुलूप स्वतः काढलं.

"चला."

कुणी उठलं नाही. रुपालीनं विचारलं, "कोण कोण?"

"सगळ्या." मग खाली बघून, "सध्या."

"कागद?"

त्यानं तो दारावरून ओढून काढला.

म्हाळसाबाई गुडघ्यावर हात टेकत उठली. आत जाता जाता मागं वळली. "व्हय ओ बाई, तितं कोन आलं निवडून?"

मला ठाऊक नव्हतं.